रात्री ओरडणाऱ्या अलार्मची वही

रविवार

सेकंडहँड गाडी घेताना टायर बघितले जातात, इंजिनचा आवाज ऐकला जातो, कागद उलटेपालटे करून तपासले जातात. अलार्मचं नाव कुणी काढत नाही. मग पहिल्याच आठवड्यात तो मध्यरात्री स्वतःहून ओळख करून देतो. सायरन ११० ते १२० डेसिबलचा असतो, त्यामुळे ओळख सगळ्या गल्लीशी होते.

अशा वेळी पहिली चूक ठरलेली असते: बॉनेट उघडून बॅटरीची वायर ओढणे. बऱ्याच सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. मुख्य वीज तुटली म्हणजे चोराने वायर कापली, असं त्याला शिकवलेलं असतं. वायर ओढली की तो आणखी जोमाने ओरडतो. त्याआधी ड्रायव्हरच्या दाराला चावी लावून दार उघडावं आणि इग्निशन ऑन करावं. बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर डॅशबोर्डखाली कुठेतरी बोटाच्या पेराएवढं बटण किंवा छोटा खटका असतो, व्हॅले स्विच. इग्निशन ऑन ठेवून तो दाबला की बहुतेक अलार्म गप्प होतात. सायरनच्या बुडाशी किल्लीचं भोक असेल तर आतली बॅटरी त्या किल्लीने बंद होते. अर्थात ती किल्ली सहसा जुन्या मालकाच्या ड्रॉवरमध्येच राहिलेली असते. गाडी ताब्यात घेताना दोन्ही रिमोट, ही किल्ली आणि व्हॅले स्विचची जागा मागून घ्यायची राहिली असेल, तर उद्याच फोन करावा.

एक वही गाडीत ठेवायची. अलार्म वाजला की वेळ, लॉक केल्यापासून किती मिनिटं झाली, हवा दमट की कोरडी, कुठली काच किंचित खाली होती, आणि अनलॉक करताना एलईडी किती वेळा लुकलुकला, हे लिहायचं. बऱ्याच अलार्ममध्ये त्या लुकलुकण्याच्या आकड्यावरून दार, बॉनेट की धक्का, हे कळतं. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. तरी दर वेळी तोच आकडा आला, तर गुन्हेगार एकच आहे एवढं नक्की.

सोमवार

या वहीशिवाय लोक थेट मुख्य डबा, म्हणजे अलार्मचा मेंदू, बदलायला निघतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डबा क्वचितच बिघडतो. त्याला येऊन मिळणाऱ्या वायरींपैकी एखादी चुकीची खबर देत असते आणि तो ती इमानदारीने सायरनपर्यंत पोचवतो.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. अशी बॅटरी पहाटेच्या गारव्यात आणखी खाली बसते, आणि व्होल्टेज पडलं की सायरनला वाटतं कुणीतरी वायर कापली. वहीत वेळा पहाटेच्याच दिसत असतील तर आधी इथे बघावं.

मंगळवार

रिमोटचा सेल. बहुतेक ठिकाणी सीआर २०३२, ३ व्होल्टचा. जुन्या रिमोटमध्ये १२ व्होल्टचा बारका नळकांड्यासारखा सेल असतो. रिमोट जवळ गेल्याशिवाय चालत नसेल तर बदलावा. अलार्म आपोआप वाजण्याशी याचा संबंध नाही. वाजायला लागल्यावर बंद न होण्याशी आहे.

बुधवार

बॉनेट स्विच. सगळ्या अलार्मचा मूळपुरुष म्हटला तरी चालेल, इतक्या खोट्या बोंबा इथून उठतात.

बाहेरून बसवलेला स्विच साधा असतो: पत्र्यात भोक, त्यात स्प्रिंगवरची दांडी, खाली एक वायर. बॉनेट बंद असताना दांडी दबलेली राहते. बॉनेट उघडलं की दांडी वर येते आणि वायर बॉडीला, म्हणजे अर्थला टेकते. डबा हेच ऐकत बसलेला असतो. आता हा स्विच इंजिनच्या कडेला, नेमका पाणी ओघळतं तिथे बसवलेला असतो. रबरी टोपी फाटते, दांडीभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमते. कोरड्या दिवशी काही होत नाही. रात्री दव पडलं की तीच पूड ओली होते, तिच्यातून थोडा करंट अर्थला झिरपतो, आणि डब्याच्या लेखी बॉनेट उघडलं.

तपासणी अशी. वायर काढून मल्टीमीटर ओहमवर ठेवावा, एक टोक स्विचला, दुसरं बॉडीच्या कोऱ्या पत्र्याला. दांडी सोडलेली असताना १-२ ओहमच्या आत, दाबल्यावर पूर्ण तुटलेलं दिसायला हवं. दाबलेल्या स्थितीत काही हजार ओहम दिसून आकडा नाचत असेल तर घासत बसू नये. सरळ नवा स्विच बसवावा आणि बुडाचा पत्रा चकचकीत घासून घ्यावा.

स्विच ठीक असेल तर उंची मोजायची. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा स्विचशेजारी पत्र्यावर ठेवावा, बॉनेट नेहमीसारखं बंद करावं, उघडून दबलेल्या गोळ्याची उंची मोजावी. दांडीला मिळणारी जागा तेवढीच. मग मीटर बीपच्या खुणेवर ठेवून, दांडी हाताने हळूहळू दाबत त्याचा बीप कोणत्या उंचीवर थांबतो ते बघावं. समजा बीप २२ मिलिमीटरला थांबला आणि गोळा २१ निघाला, तर फरक १ चा. ट्रक शेजारून गेला, बॉनेट जरासं थरथरलं, की अलार्म. निदान ३-४ मिलिमीटर फरक हवा. बॉनेटखालचे रबरी टेकू अर्धा-एक फेरा आत फिरवले, किंवा दांडीवर रबराची टोपी चढवली, की जमतं.

एका रात्रीपुरतं या स्विचला बाजूला काढून बघता येतं. एक वायरवाल्याची वायर सोडून टोकाला टेप लावला की डब्याला बॉनेट कायम बंद वाटतं. कंपनीच्या दोन वायरवाल्या स्विचमध्ये प्रकार उलटा असू शकतो, म्हणून आधी दांडी दाबून मीटर लावावा. बीप आला तर कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, नाही आला तर नुसता कनेक्टर काढून ठेवायचा. काही स्विचमध्ये आत रेझिस्टर असतो. तिथे ही युक्ती चालत नाही.

गुरुवार

दारं. स्विच आता लॉकच्या आतच असतो. दार बंद असून आतला दिवा मिणमिणत असेल किंवा डॅशबोर्डवर दार उघडं दिसत असेल, तर लॉकच्या जबड्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दार वीस-पंचवीस वेळा उघडझाप करावी. घट्ट ग्रीस कोंबू नये, धूळ धरते. डिकीच्या बाबतीत बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवून बघावी. आतल्या वायरी रोज वाकून तुटतात, वरून मात्र काही दिसत नाही.

शॉक सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा डबीसारखा भाग, आगपेटीएवढा असतो. त्यावरचा प्लॅस्टिकचा स्क्रू पाव फेरा कमी बाजूला फिरवायचा, गाडी लॉक करून मिनिटभर थांबायचं, छताजवळच्या खांबावर तळहाताने थोपटायचं. सेन्सर नुसता वायरींवर लोंबकळत असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी तो स्टीअरिंगच्या ब्रॅकेटला केबल टायने आवळावा. आवाजाच्या लहरींनी गाडीतली हालचाल पकडणारा अल्ट्रासोनिक सेन्सर असेल तर आरशाला टांगलेलं लोलक, उघडी राहिलेली काच, आत अडकलेली माशी, काहीही पुरतं.

शनिवार

डबा काढूनच टाकायचं ठरलं, तर घाई नको. बाहेरच्या अलार्ममध्ये स्टार्टर किंवा इग्निशनची मूळ वायर कापून मधे रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घातलेला असतो, ३०, ८५, ८६, ८७, ८७अ अशा पिनांचा. डबा काढला आणि ती कापलेली वायर तशीच राहिली, तर गाडी सुरूच होत नाही. दोन टोकं तेवढ्याच जाडीच्या वायरने जोडून, सोल्डर करून, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवावी. पीळ देऊन टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात डिंक वितळून पुन्हा तोच खेळ. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटरही लावायचा नाही.

डबा ठेवला असेल तर गाडी उभी असताना तो किती करंट खातो ते बघावं. मीटर १० अँपिअरवर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ती आणि बॅटरी यांच्या मधे. गाडी लॉक करून अर्धा तास थांबावं, तोवर स्टार्टर मारायचा नाही. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. २५० दिसले तर दिवसाला ६ अँपिअर-तास गेले, म्हणजे ४५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांच्या आतच अर्धी.

जुन्या मालकाकडे तिसरा रिमोट राहिलाय का, याचा भरवसा नसतो. डब्यातले सगळे कोड पुसून हातातले दोनच रिमोट त्याला नव्याने शिकवावेत.

शेवटची चाचणी: काच खाली ठेवून गाडी लॉक करायची, मिनिटभर थांबायचं, हात आत घालून आतूनच दार उघडायचं. सायरन वाजला पाहिजे. मग बंद करून, पुन्हा लॉक करून, खिडकीतूनच बॉनेटचा खटका ओढायचा आणि बॉनेट उचलायचं. तेव्हाही वाजला पाहिजे. बुधवारी सोडलेली वायर परत जोडायची राहिली असेल तर ते इथेच कळतं.