आमची वाटचाल : सुनील, सुनिल आणि सुशील

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर, दोन संगणकांवर आम्ही सुरुवात केली. पहिलं मोठं काम एका पतसंस्थेचं. सगळ्या शाखांच्या सभासद याद्या एकत्र करून दुबार नोंदी शोधायच्या होत्या.

पॅनसाठी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला साचा ओळखणारं सूत्र, पुरलं. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, साचा ठरलेला. नावांना साचा कुठला? हुबेहूब जुळणी केली, तर 'सुनिल' आणि 'सुनील' ही दोन माणसं होत. म्हणून १९६५ सालचं लेव्हेनश्टाइन अंतर घेतलं. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी, घालावी, गाळावी लागतात, ते त्यात मोजतात. एकाचा फरक चालेल, असं मीच ठरवलं.

तिथेच घात झाला. 'सुनिल'चं 'सुनील' करायला एक बदल लागतो, आणि 'सुनील'चं 'सुशील' करायलाही एकच. दोघे सख्खे भाऊ, पत्ता एक, वडिलांचं नाव एक. त्यांची खाती एकत्र झाली आणि धाकट्याचा लाभांश थोरल्याकडे जमा झाला. मी स्वतः जाऊन माफी मागितली. व्यवस्थापक एवढंच म्हणाले, "अहो साहेब, नावं एकदा मोठ्यानं वाचली असती तरी कळलं असतं." ते वाक्य मला अजून लागतं.

मग उच्चाराकडे वळलो. साउंडेक्स म्हणजे उच्चारावरून नावाला अक्षर-आकड्यांचा संकेत देणारी पद्धत. तिचं पेटंट १९१८ सालचं, घडण इंग्रजी नावांसाठी. रोमन लिपीतल्या यादीत 'तावडे' कुणी व्ही घालून लिहिलेलं, कुणी डब्ल्यू. साउंडेक्स व्हीला आकडा देतं आणि डब्ल्यू सोडून देतं, म्हणजे एकाच आडनावाचे दोन संकेत. आपल्याला दोन्ही 'व'च!

शेवटी नियम आम्हीच लिहिले. आधी ऱ्हस्व-दीर्घ एक करायचं, 'सम्भाजी'चं 'संभाजी' करायचं, मगच अंतर मोजायचं. आता सुनिल-सुनीलमधलं अंतर शून्य येतं, सुशील एकानं लांब राहतो. वेगाचाही प्रश्न होताच : वीस हजार सभासद म्हणजे जवळपास वीस कोटी जोड्या. त्यामुळे जन्मतारीख जुळणारेच आधी एकत्र घेतो. तारीख कोरी असेल, तर पिनकोड बघतो.

आणि खाती आपोआप एकत्र करणं बंद केलं. दोन्ही नोंदी पडद्यावर शेजारी-शेजारी येतात, संस्थेतलं माणूस वाचून बटण दाबतं. त्याच पतसंस्थेनं यंदा कर्जदार आणि जामीनदारांची यादीही आमच्याकडे सोपवली आहे.