मिशनवरची दोन वर्षं: जोडीदार, पाणी आणि तागालोग

मिशनवरून आलेल्याला बाहेरचे लोक धर्माबद्दल विचारतात. जायचं ठरवलेली मुलं मात्र बूट कसले घ्यायचे, जेवणाचं काय, भाषा येईल का, असं विचारतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात, त्याचा मिशनरी म्हणून मी फिलिपिन्समध्ये लुझोन बेटावरच्या लगुना प्रांतात होतो. मुलांना 24 महिने, मुलींना 18. त्यात प्रत्यक्ष शिकवणं दिवसाला तीन-चार तास झालं तरी चांगला दिवस म्हणायचा. उरलेला वेळ चालणं, फाटकाबाहेर थांबणं, धुणं, रांधणं आणि एकाच माणसाशी, म्हणजे जोडीला दिलेल्या दुसऱ्या मिशनरीशी, आमच्या भाषेत जोडीदाराशी, दिवसरात्र जमवून घेणं. हे लिहिणं त्या उरलेल्या वेळाबद्दल आहे.

कागदांपासून सुरुवात करा, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. अर्ज ऑनलाइन असतो. आधी तुमच्या गावच्या मंडळीच्या प्रमुखांकडे, म्हणजे शाखाध्यक्षांकडे किंवा बिशपांकडे, मुलाखत, मग त्यांच्या वरच्या अध्यक्षांकडे. डॉक्टर आणि दंतवैद्य यांचे वेगवेगळे फॉर्म असतात. अक्कलदाढ अर्धवट वर आली असेल तर ती आधीच काढून घ्या, परक्या गावात दाढ ठणकायला लागली की आठवडा हातचा जातो. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. जन्मदाखला मराठीत, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मध्ये तर कधी गायबच. व्हिसाच्या कागदांना हे तिन्ही जुळलेले लागतात. म्हणून पासपोर्ट आणि पोलिसांचा ना-हरकत दाखला काढताना एकच स्पेलिंग धरा आणि शेवटपर्यंत तेच चालवा. देश तुम्हाला निवडता येत नाही. तो नेमणुकीच्या पत्रात कळतो. पूर्वी हे पत्र टपालानं मोठ्या पांढऱ्या पाकिटातून यायचं, 2018 च्या अखेरीपासून ऑनलाइन येतं.

पैशाचं गणित थोडक्यात. अमेरिकन कुटुंबं महिन्याला ठरावीक रक्कम भरतात. ती पूर्वी 400 डॉलर होती, जुलै 2020 पासून 500 झाली, आणि मुलगा टोकियोला जावो की टोंगाला, ती तेवढीच राहते. इतर देशांतल्या घरांनी झेपेल तेवढं द्यायचं, उरलेलं चर्चच्या मिशनरी निधीतून येतं. तिकडे घरभाडं मिशन भरतं. खाणं-प्रवासाचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला कार्डावर येतात. ते तिसऱ्या आठवड्यात संपतात, आणि ते संपतात तांदळावर नाही, तर ट्रायसिकलवर, म्हणजे साइडकार लावलेल्या मोटरसायकल-रिक्षावर, आणि चार वाजताच्या मेरिएंदावर, म्हणजे त्यांच्या मधल्या खाण्यावर. पैसे येतील त्याच दिवशी महिन्याचा तांदूळ घेऊन टाका. दोघांना आठवड्याला साडेतीन-चार किलो लागतो.

प्रशिक्षण केंद्र केसोन सिटीत, मनिला टेम्पलच्या समोर आहे. नवी भाषा शिकायची असेल तर साधारण सहा आठवडे, त्यातला पहिला घरूनच झूमवर. तिथे शिकवलेली तागालोग पाठांतराची असते, बाहेर पडल्यावर पहिल्या जीपनीत, म्हणजे तिथल्या जीपसारख्या लहान बसमध्ये, ती कोसळते. घाबरू नका. मराठी माणसाला या भाषेत दोन गोष्टी फुकट मिळालेल्या आहेत.

पहिली म्हणजे ओळखीचे शब्द. गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा. हे संस्कृतातून तिकडे गेलेले. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. तागालोगमध्ये आपल्यासारखंच ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळं असतं: तायो आणि कामी. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे अमेरिकन जोडीदार यात महिनोन्‌महिने चुकतात. घरात बसून ‘प्रार्थना करू या’ म्हणताना तायो, कारण समोरचं कुटुंब त्यात धरलेलं आहे. पण डोळे मिटून देवाशी बोलायला लागलं की लगेच कामी, कारण देव काही आपल्या बाजूला बसून प्रार्थना करत नाही. आपण मराठीत ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणतो, ‘आपल्या’ म्हणत नाही, तसंच ‘आमा नामिन’, नामिन हे कामीचंच रूप. तिथे तायोचं ‘नातिन’ म्हटलं की घरातली आजी हसू दाबते. मराठीत वाक्य आधी मनात म्हणून बघा, नव्वद टक्के वेळा उत्तर बरोबर येतं. अवघड जातात ती क्रियापदं. उम, माग, इन असे तुकडे कुठे लावायचे यावर वाक्याचा भर बदलतो, आणि तिथे मराठीचा काही उपयोग नाही. रोज पाच क्रियापदं घेऊन प्रत्येकाची तीन रूपं मोठ्यानं म्हणणं हाच उपाय.

आणि ‘पो’ विसरू नका. आदराचा हा एक अक्षरी शब्द वाक्यात बसला की व्याकरणाच्या बाकी सगळ्या चुका माफ होतात. फाटकावर कडी वाजवायची नाही, बाहेर उभं राहून ‘ताओ पो!’ अशी हाक द्यायची. शब्दशः ‘माणूस आहे हो!’. मग थांबायचं. कुत्रा बांधलेला आहे का ते विचारूनच आत पाऊल टाकायचं, कारण रस्त्यावरची आणि घरची कुत्री दोन्ही चावतात. चावलंच तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन. ‘लहानसंच ओरखडलंय’ म्हणून दवाखाना उद्यावर ढकलायचा नाही.

आता जोडीदार. नियम असा की दोघांनी एकमेकांना दिसेल, ऐकू येईल एवढ्याच अंतरात राहायचं. एकटेपणा मिळतो तो फक्त न्हाणीघरात. सहा आठवड्यांनी बदल्या होतात, पण तुमची होईलच असं नाही. एकाच माणसाबरोबर सहा महिनेही निघतात. नव्या मुलाला पहिले बारा आठवडे शिकवणारा जोडीदार मिळतो. माझ्या मते मिशनमधली सगळ्यात अवघड गोष्ट लोकांनी तोंडावर दार बंद करणं नाही, जोडीदाराशी जमवणं आहे. भांडणं धर्मावरून होत नाहीत. भांडी कोणी घासायची, पंख्याचं तोंड कोणाकडे, सकाळचा गजर कोणी बंद केला, यावरून होतात. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी एकमेकांना काय खटकतं ते सांगायचं अशी रीतच आहे. बहुतेक जोड्या ‘सगळं ठीक’ म्हणून ती उरकतात, आणि पाचव्या आठवड्यात भडका उडतो. आपल्याकडची मुलं यात जास्त अडकतात, कारण तोंडावर सांगणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. एकच बारीक तक्रार ठेवा, पण दर आठवड्याला ठेवा.

दिवस साडेसहाला सुरू, साडेदहाला दिवे बंद. सकाळी अर्धा तास व्यायाम, मग स्वतःचा अभ्यास, जोडीचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. दुपारी बारा ते तीन उन्हात लोक झोपलेले असतात. त्या वेळात हाका मारत फिरणं म्हणजे नुसता घाम. खरी वेळ साडेचार ते आठ. भेटीच्या नोंदी फोनमधल्या अ‍ॅपवर ठेवायच्या, आणि पत्त्याच्या जागी खुणा लिहायच्या: ‘चॅपेलमागे, निळं पत्र्याचं दार, समोर नारळ सोलणारे’. वस्तीत घरनंबर असले तरी कोणी त्यावरून घर शोधत नाही, आणि तुमच्या जागी उद्या येणाऱ्याला ही नोंदच उपयोगी पडते.

सुट्टी आठवड्यातून एकच, बहुधा सोमवार, आणि तीही संध्याकाळी सहापर्यंत. तीत बाजार, केस कापणं, घरी फोन. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला घरच्यांशी बोलता येतं. त्याआधी वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनी. त्या सोमवारचा निम्मा वेळ मात्र धुण्यात जातो. भाड्याच्या खोलीत मशीन नसतं. बात्या नावाचं पसरट टब आणि ताबो, म्हणजे लांब दांड्याचा प्लास्टिकचा तांब्या, एवढंच असतं. अंघोळही त्याच ताबोनं. आपल्याला हे नवं नाही, अमेरिकन मुलाला शिकवावं लागतं. पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टांची कॉलर दोन महिन्यांत पिवळी पडते. ब्लीच ओतू नका, काखेतलं कापड विरतं. तिथल्या बायका ‘कुला’ करतात. वडीचा साबण कॉलरला घासून, फेस तसाच ठेवून शर्ट उन्हात गवतावर किंवा पत्र्यावर पसरायचा, सुकत आला की पाणी शिंपडायचं, तासा-दोन तासांनी खळबळून काढायचा. डाग जातो. शर्ट सात-आठ लागतात, रबरी तळव्याचे काळे बूट दोन जोड, मोजे दहा. चामडी तळव्याचे बूट पहिल्याच पावसाळ्यात उसवतात.

पिण्याचं पाणी दुकानातून, पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण 19 लिटरच्या निळ्या जारमधून. दोघांना तो अडीच-तीन दिवस पुरतो, म्हणून भरलेला दुसरा जार घरात हवाच. वादळात वीज गेली की पाणी भरणारी दुकानंही बंद असतात. पाऊस जून ते नोव्हेंबर. साचलेल्या पाण्यातून चालायची वेळ आली तर आधी पाय बघा: भेग, फोड, चिखल्या काही असेल तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका. 26 जुलै 2005 नंतरची मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायला नको. घरी येऊन पाय साबणानं धुवा, बोटांच्या फटी कोरड्या करा, बुटांत वर्तमानपत्र कोंबा, आणि त्याच दिवशी मिशनच्या वैद्यकीय फोनवर कळवा. औषध ते सांगतील तेच घ्या. आठवड्यानं ताप आल्यावर ‘पाण्यात गेलो होतो’ हे आठवून उपयोग नसतो.

जेवण. कोकणातला माणूस इथे घरीच येतो: तुयो म्हणजे खारवून सुकवलेले मासे, आणि बागोओंगचा वास ओळखीचा वाटेल, जवळा सडवल्यासारखा. सिनिगांग हे चिंचेचं आंबट सार. शाकाहारी असाल तर मात्र आधीच शब्द नीट पाठ करा. ‘कार्ने (मांस) खात नाही’ म्हटलं की लोक डुक्कर आणि बैल वगळतात आणि प्रेमानं कोंबडी वाढतात. बाबोय (डुक्कर), मानोक (कोंबडी), इस्दा (मासे), अशी नावं घेऊन सांगा. हाताशी असतात मूग, शेवग्याचा पाला, भेंडी, वांगी, कारली. शुक्रवारी बहुतेक घरांत मुगाचं कढण शिजतं, फक्त त्यात सुकी मासळी किंवा डुकराचा तुकडा पडायच्या आत बोलावं लागतं. चहा-कॉफी चर्चच्या नियमानं आपल्याला वर्ज्य, आणि प्रत्येक घरात पुडीची कॉफी पुढे येते. ‘बावाल पो सा आमिन’ म्हणायचं, म्हणजे ‘आम्हाला चालत नाही’. इथेही ‘आम्ही’चं आमिन, ‘आपण’चं आतिन नव्हे. नाहीतर तुम्ही घरमालकालाच कॉफी बंद केली असा अर्थ होतो. मग आल्याचा सालाबात मिळतो, तो घ्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो, दोन वेळचं जेवण आणि पाणीसुद्धा नाही. साबुदाण्याची खिचडी डोक्यातून काढून टाका. आदल्या संध्याकाळी पाणी भरपूर प्या, आणि त्या दुपारी लांबच्या वस्तीवर जाऊ नका.

बाप्तिस्मा म्हणजे माणसाला पाण्यात पूर्ण बुडवून चर्चमध्ये घेण्याचा विधी, आणि त्या दिवशी जे बिघडतं ते बहुतेक नळाशी बिघडतं. चॅपेलमधला हौद भरायला दोन-तीन तास, आणि उन्हाळ्यात पाण्याचा दाब गेला की सहासुद्धा. दुपारी तीनचा कार्यक्रम असेल तर पहाटेच नळ सोडा. भरत असताना एक मोठा माणूस तिथे बसलेलाच हवा, लहान मुलं हौदाकडे धावतात. प्रार्थना शब्दशः आणि पूर्ण नावासह म्हणायची असते. फिलिपिनो नावात मध्ये आईचं माहेरचं आडनाव येतं आणि रोजच्या वापरात भलतंच टोपणनाव असतं, म्हणून नाव कागदावर लिहून आदल्या दिवशी त्या माणसाकडूनच वाचून घ्या. आपल्या डाव्या हातानं बाप्तिस्मा घेणाऱ्याचं उजवं मनगट धरायचं, त्यानं डाव्या हातानं तुमचं डावं. उजव्या हातानं तो नाक दाबतो. त्याला गुडघे वाकवायला सांगा. ताठ उभा राहिला की तो मागे जातो आणि पायाचा अंगठा वर येतो. दोन साक्षीदार नेमके तेच बघत असतात, आणि केसाची बट जरी कोरडी राहिली तरी पुन्हा. दुसऱ्यांदा कोणी हसत नाही, तेव्हा घाबरू नका.

परतीची तयारी शेवटच्या सहा आठवड्यांच्या सुरुवातीलाच करा. परदेशी म्हणून नोंदणीचं कार्ड असतं, आणि दर वर्षी पहिल्या 60 दिवसांत इमिग्रेशनकडे हजेरी लावावी लागते. सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्याला देश सोडताना निर्गमनाचा दाखलाही लागतो. हे मिशनचं ऑफिस करतं, पण तारखा स्वतः वहीत लिहून ठेवा. दाखला आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नव्हे. तांदूळ शिजवायचं भांडं, बात्या, ताबो खोलीतच ठेवायचं, ते मिशनचं. बूट आणू नका, टिकणार नाहीत. शर्ट चांगले राहिले असतील तर कुला करून, घडी घालून खुंटीखाली ठेवा. पुढच्या मुलाकडे पहिल्या महिन्यात पुरेसे नसतात.