टेक्सासचा हुकूमनामा, अंबाजोगाईचं कोर्ट

लग्नपत्रिका पुराव्याच्या यादीला जोडायची वेळ आम्हा वकिलांवर अधूनमधून येते, पण ती झालेल्या लग्नाची असते. ही पत्रिका व्हायच्या लग्नाची होती. तुळशीचं लग्न उरकल्यानंतरच्या पहिल्या दाट तिथीला लातूरच्या एका मंगल कार्यालयात मुहूर्त धरला होता, आणि त्यातला चि. म्हणजे माझ्या पक्षकार मुलीचा नवरा. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कायद्याचा भाग घडला तसा आहे.)

मुलगी अंबाजोगाई तालुक्यातली, बी.एस्सी. झालेली. लग्न अंबाजोगाईतच सप्तपदी होऊन लागलेलं. नवरा संगणक अभियंता, आधी पुण्यात, मग टेक्सासमध्ये. तीही डिपेंडंट व्हिसावर काही महिने तिकडं राहून आली. वडील आजारी पडले म्हणून माहेरी आली आणि परतीचं तिकीट नवऱ्यानं काढलंच नाही. मग एक दिवस कुरिअरवाला पत्ता विचारत गावात आला. पाकिटात टेक्सासच्या जिल्हा न्यायालयातला घटस्फोटाचा अर्ज. भाऊ कृषी पदवीला होता. त्यानं मोबाइलवर भाषांतर करून घरच्यांना वाचून दाखवला. पुढं ईमेलवर थेट हुकूमनामाच आला. घटस्फोटाचं कारण 'इन्सपोर्टेबिलिटी', म्हणजे एकमेकांचं जमत नाही आणि जमण्याची आशा नाही. तिथल्या कायद्यात कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अर्जदार राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत नव्वद दिवस राहिलेला असला की अर्ज चालतो.

वडील माझ्याकडं आले ते पत्रिका हातात घेऊनच. "वकीलसाहेब, त्ये दुसरं लग्न करायलेत. म्हणतेत, अमेरिकेच्या कोर्टानं सोडचिठ्ठी दिली. आमच्या लेकीला कुणी काही इचारलं न्हाई, ती तिथं नव्हती बी. असं कसं हुतंय?"

लॉच्या वर्गात आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर आम्ही पास होण्यापुरता केला होता. ग्रोशियसचा ग्रंथ 1625 चा, वेस्टफालियाचा तह 1648 चा, मग हेगच्या परिषदा, राष्ट्रसंघ, संयुक्त राष्ट्रं. बीड जिल्ह्यात वकिली करायची तर याचा काय उपयोग, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा तर 'राष्ट्राराष्ट्रांतला तो सार्वजनिक, माणसामाणसांतला तो खाजगी' एवढ्या एका वाक्यात संपला होता. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. हा खाजगी म्हणवला जाणारा कायदा प्रत्येक देशाचा आपापला असतो: वादात परक्या देशाचा धागा आला, की खटला आपल्या कोर्टानं चालवायचा का, कोणत्या देशाचा कायदा लावायचा आणि परक्या कोर्टाचा निकाल मानायचा का, हे ठरवणारा. भारतात त्याची एकत्र संहिता नाही. थोडा दिवाणी प्रक्रिया संहितेत, थोडा वेगवेगळ्या अधिनियमांत आणि बराचसा निवाड्यांत असा तो विखुरलेला आहे.

आमच्या कामाचं होतं ते 1908 च्या संहितेचं कलम 13. विदेशी निवाडा पक्षकारांवर बंधनकारक, पण सहा अपवाद: कोर्टाला अधिकारच नव्हता, निकाल गुणदोषांवर नव्हता, आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला किंवा लागू असूनही भारतीय कायदा नाकारला, नैसर्गिक न्याय डावलला, लबाडीनं मिळवला, किंवा भारतातल्या कायद्याचा भंग करणाऱ्या दाव्याला मान्यता दिली. 'आंतरराष्ट्रीय कायदा' हे शब्द तालुक्याच्या प्रत्येक कोर्टातल्या टेबलावर शंभराहून अधिक वर्षं पडून आहेत, कुणी तिथं बोट ठेवत नाही इतकंच. कलम 44-अ आम्हाला लागत नव्हतं. ब्रिटन, सिंगापूर, 2020 पासून संयुक्त अरब अमिराती अशा अधिसूचित देशांचे पैशाचे हुकूमनामे त्याखाली इथं थेट बजावता येतात. अमेरिका त्या यादीत नाही.

दावा लावला: लग्न कायम आहे असं जाहीर करून मिळावं, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत नवऱ्याला दुसरं लग्न करण्यास तूर्तातूर्त मनाई व्हावी. नवरदेव लग्नासाठी लातूरला येऊन बसलाच होता, त्यामुळं बेलिफानं घरी जाऊन हातात समन्स दिलं. बजावणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी मिसलीत होता.

मनाईच्या अर्जावर सुनावणी झाली तो दिवस. समोरून छत्रपती संभाजीनगरहून ज्येष्ठ वकील आले होते, तयारीचे गृहस्थ. त्यांनी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत उंच धरली. मागं अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात वापरायच्या सरकारी कागदाच्या खरेपणाच्या दाखल्याचा कागद, त्यावर ठसठशीत सोनेरी शिक्का. युक्तिवाद असा, की अपोस्टिल करारात भारत आणि अमेरिका दोघंही आहेत, भारतात तो 14 जुलै 2005 पासून लागू आहे, म्हणजे हा कागद इथं ग्राह्य आणि म्हणून घटस्फोटही ग्राह्य. मागं बसलेल्या दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या माना त्या शिक्क्याकडं वळल्या. खरं सांगायचं तर शिक्क्याचा दरारा आपल्याकडं मजकुरापेक्षा मोठा असतो.

मी पहिला अर्धा भाग मान्यच केला. कागद खरा आहे, सही खरी आहे, आमचा वाद नाही. पण 1961 च्या त्या करारानुसार अपोस्टिल फक्त सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. वकिलातीच्या दाखल्यांची साखळी वाचावी एवढाच त्याचा हेतू. नोटरीनं सही ओळखली म्हणून आतला मजकूर कायदेशीर होत नाही, तसंच हे. "म्हणजे निवाडा अस्सल आहे, बंधनकारक आहे की नाही हे कलम 13 सांगेल, असंच ना?" कोर्टानं विचारलं. तसंच.

मग समोरच्यांनी हुकमाचं पान काढलं, मुलीचा ईमेल. तो तिनं, म्हणजे भावानं मोडक्या इंग्रजीत, तिथल्या कोर्टाच्या कारकुनाला आणि नवऱ्याच्या वकिलाला पाठवला होता. मतलब असा: मला हे कोर्ट मान्य नाही, यायला पैसे नाहीत, मला नांदायचं आहे. त्यांचं म्हणणं, उत्तर दिलं म्हणजे हजर झाली, हजर झाली म्हणजे अधिकार मान्य केला.

इथं 1991 चा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा ओळीओळीनं वाचावा लागला. लग्न तिरुपतीचं, 1975 सालचं. नवऱ्यानं घटस्फोट आणला मिसुरी राज्यातून, तोही संसार मोडला एवढ्याच कारणावर. त्या बाईनंही इथून उत्तर पाठवलं होतं, निषेध नोंदवून. न्यायालयानं ते अधिकार मान्य करणं धरलं नाही. नियम घातला तो असा, की लग्न ज्या कायद्याखाली लागलं त्याच कायद्यानं विदेशी कोर्टाचा अधिकार आणि घटस्फोटाचं कारण दोन्ही तपासायचं. अपवाद तीन: प्रतिवादी तिथं कायमची राहत असेल आणि कारणही त्याच कायद्यातलं असेल, ती स्वेच्छेनं आणि परिणामकारकपणे हजर होऊन अशाच कारणावर लढली असेल, किंवा तिनं घटस्फोटाला संमती दिली असेल. हिंदू विवाह अधिनियमात 'संसार सावरण्यापलीकडं गेला' हे कारण आजही नाही. सर्वोच्च न्यायालय संविधानानं त्याला दिलेल्या खास अधिकारात, अनुच्छेद 142 खाली, तसा घटस्फोट देतं. तो अधिकार टेक्सासच्या कोर्टाला नाही आणि अंबाजोगाईच्याही नाही. त्याआधी 1974 मध्ये सत्या विरुद्ध तेजासिंग या प्रकरणात न्या. य. वि. चंद्रचूड यांनी नेवाडाचा घटस्फोट असाच नाकारला होता. तिथं तर नवऱ्यानं नेवाडात कायमचं घर केल्याचं भासवून हुकूमनामा मिळवला होता.

एवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

बाररूममध्ये आमचे दादा बसले होते. ऐंशी पार केलेले, काम सोडलंय, पण सवयीनं रोज येतात. त्यांचे वडील निजामाच्या काळात इथंच, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, उर्दूतून वकिली करायचे. मी डबा उघडून त्यांना प्रकरण सांगितलं तर म्हणाले, "यात नवं काय आहे? 1948 पर्यंत आपण स्वतःच विदेशी होतो की रे!"

आणि ते खरंच आहे. जुन्या संहितेत ब्रिटिश हिंदुस्थानच्या हद्दीबाहेरचं, तिथल्या सरकारनं न नेमलेलं कोर्ट म्हणजे विदेशी कोर्ट. सोलापूर, बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर आणि मोमिनाबाद निजामाच्या. आपला हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, वेगळा, सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके. लातूरच्या अडत्याचा माल बार्शीला जायचा, उधारी तिकडं अडकायची, आणि इथला निवाडा तिकडच्या कोर्टाच्या लेखी परक्या मुलखातला. दादांनी फरीदकोटचा 1894 चा खटला तोंडपाठ सांगितला: फरीदकोट संस्थानचा एक माजी खजिनदार संस्थान सोडून गेला, नंतर राजानं स्वतःच्या कोर्टात त्याच्यावर एकतर्फी हुकूमनामे मिळवले आणि ते घेऊन लाहोरला दावा केला. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टानं सांगितलं, जो माणूस तुमच्या हद्दीत नाही आणि ज्यानं तुमचा अधिकार मानला नाही, त्याच्यावरचा असा हुकूमनामा बाहेर शून्य. स्वातंत्र्यानंतरही 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्वाल्हेर संस्थानच्या कोर्टाचा जुना एकतर्फी हुकूमनामा अलाहाबादेत याच न्यायानं बजावू दिला नाही.

दादा सुरू झाले की थांबत नाहीत. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादनं सुरक्षा परिषदेकडं तक्रार नेली. पॅरिसमध्ये 16 सप्टेंबरला ती चर्चेला आली तेव्हा पहिला प्रश्न हाच, की हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय कायद्यानं राज्य आहे का? दुसऱ्या दिवशी इकडं निजामानं शरणागती जाहीर केली आणि प्रश्नातला जीवच गेला. त्याच महिन्यात लंडनच्या बँकेतले निजामाचे दहा लाखांवर पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवले गेले. निजामानं दावा लावला, तर 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, परक्या राज्यावर आपल्या कोर्टात दावा चालत नाही म्हणून तो रोखला. शेवटचा निकाल लागला 2 ऑक्टोबर 2019 ला, निजामाच्या वारसांच्या आणि भारताच्या बाजूनं. रक्कम तोवर साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. "एकाच खात्यात तुझा सार्वजनिक कायदा आणि खाजगी कायदा दोन्ही," दादा म्हणाले आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवली.

दुपारच्या सत्रासाठी मी एक मुद्दा राखून ठेवला होता, तो नेमका या दोन कायद्यांच्या सांध्यावरचा. टेक्सासच्या कोर्टात बजावणी झाल्याचा पुरावा म्हणजे ती कुरिअरची पावती. परदेशात समन्स कसं बजवायचं यासाठी 1965 चा हेग करार आहे. अमेरिका त्यात आहे, भारतात तो 1 ऑगस्ट 2007 पासून अमलात आहे. पण भारतानं सामील होतानाच कलम 10 ला हरकत नोंदवली: टपालानं किंवा परस्पर बजावणी आम्हाला मान्य नाही, कागद आमच्या केंद्रीय प्राधिकरणाकडं, म्हणजे कायदा मंत्रालयाकडं पाठवा, तिथून ते स्थानिक कोर्टामार्फत बजावले जातील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही 2017 च्या वॉटर स्प्लॅश विरुद्ध मेनन या निवाड्यात हेच धरलं आहे, की टपाल चालेल, पण समोरच्या देशाची हरकत नसेल तर. आणि तो खटला सुरू झाला होता टेक्सासमध्येच.

समोरचे वकील उठले. "कुरिअर म्हणजे टपाल नव्हे." मी म्हटलं, मग तर या कराराखाली त्याला कुठलाच रस्ता उरत नाही. कोर्टाच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. एका सार्वभौम देशानं दुसऱ्याला कळवलेली हरकत, आणि तिचा उपयोग होत होता तालुक्यातल्या एका घराच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या पाकिटाविरुद्ध. त्या पेपरात हे कुणी शिकवलं असतं तर मी तो मन लावून वाचला असता.

आदेश संध्याकाळी झाला. टेक्सासच्या कोर्टाचा अधिकार, घटस्फोटाचं कारण आणि बजावणी, तिन्ही बाबतींत प्रथमदर्शनी शंका. लग्न एकदा लागलं की होणारी हानी पैशात भरून निघणार नाही. सबब दाव्याच्या निकालापर्यंत दुसरं लग्न करण्यास मनाई. नियोजित वधूचे मामा कोर्टातच होते. व्हरांड्यात गाठून म्हणाले, "साहेब, आम्ही त्यो सोनेरी शिक्का बघूनच सुपारी फोडली हो." आदेशाची प्रत कधी मिळेल ते विचारून गेले. त्यांच्याच वकिलानं त्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 82, म्हणजे पहिलं लग्न कायम असताना दुसरं करण्याचा गुन्हा, समजावून सांगितलं असावं, कारण कार्यालयाचं बुकिंग दुसऱ्या दिवशी रद्द झालं.

मुलगी मात्र खूश वगैरे नव्हती. तिनं विचारलं, "सर, म्हणजे इथं मी बायको, आणि तिकडं?" तिकडं तो हुकूमनामा उभा आहे. टेक्सासच्या दप्तरी ती घटस्फोटित, बीड जिल्ह्यात विवाहित. इथला आदेश तिथल्या कोर्टाला पुसून टाकत नाही आणि दोघांच्या वर बसून मिटवणारं तिसरं कोर्ट नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जातात ती राज्यं, माणसं नाहीत. हे मी तिला सरळ सांगितलं. पोटगीच्या अर्जाचं काय ते बघू म्हणाली.

दाव्यात कोर्टानं ठरवायचे वादाचे मुद्दे निघाले आहेत. नवरा परत गेलाय आणि त्याची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं घ्यावी असा अर्ज आलाय. आम्ही विरोध केला नाही, फक्त एवढंच म्हणणं दिलं, की त्यानं घरच्या लॅपटॉपसमोर न बसता ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासात, तिथल्या अधिकाऱ्यासमोर बसून साक्ष द्यावी. त्यावर आदेश व्हायचा आहे.