आर्थर शोधायला जावं आणि मॅलरी भेटावा

नेटवर मध्ययुगीन ब्रिटनच्या दंतकथा शोधायचा नाद एकदा लागला की माणूस कामातून गेलाच म्हणून समजा. सर्चमध्ये राजा आर्थर टाकायचं आणि बघता बघता आपण बाराव्या शतकात, तेही ब्रिटन सोडून भलतीकडेच. म्हणजे बघा, मॉनमथच्या जेफ्रीने 1136 च्या आसपास लॅटिनमध्ये आर्थरचं चरित्र रंगवलं, त्यात ना त्याच्या सरदारांचं ते प्रसिद्ध गोलमेज, ना लान्सलॉट हा त्याचा गाजलेला सरदार. गोलमेज 1155 मध्ये वास नावाच्या नॉर्मन कवीने आणलं, आणि लान्सलॉटचं आर्थरच्या राणीशी लफडं, कॅमलॉट हे दरबाराचं ठिकाण, ग्रेल नावाचं पवित्र पात्र हा सगळा मसाला क्रेतियां द त्रुआ या फ्रेंच माणसाचा. इंग्रजांचा एवढा लाडका राजा, पण त्याचे दागदागिने बरेचसे फ्रेंचांनी घडवलेले!

पण मला खरं वेड लावलं ते थॉमस मॅलरीने. आर्थरकथा इंग्रजीत एकत्र बांधली ती यानेच, 1469-70 च्या सुमारास, आणि स्वतःची ओळख सांगतो काय तर कैदेतला सरदार. बहुतेक अभ्यासक ज्याला हा मॅलरी मानतात त्या वॉरिकशरच्या माणसावरचे आरोप वाचले तर डोकं गरगरतं. दरोडा, गुरं पळवणं, मठ फोडणं, बलात्कार, शिवाय एका ड्यूकवर दबा धरून हल्ला. मधेच कोठडीतून पळाला, खंदक पोहून. रीतसर खटला चालून निकाल असा कधी लागलाच नाही, त्यामुळे यातलं खरं किती आणि राजकारणातला सूड किती कोण जाणे. आणि याच्याच पुस्तकात आर्थर सरदारांकडून दर पेंटेकॉस्टला (हा ख्रिस्ती सण) शपथ घेतो, की शरण आलेल्याला जीवदान द्यायचं, आणि बाईवर जबरदस्ती कधीच नाही, नाहीतर मृत्युदंड! हे वाचून हसावं की चिडावं तेच कळत नाही. मी तरी त्याला माफ-बिफ केलेलं नाही, पण पुस्तक काही सुटत नाही.

त्यात हस्तलिखिताची भानगड अजून भारी. कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने हे पुस्तक 1485 मध्ये छापलं आणि पुढची साडेचारशे वर्षं सगळ्यांचा आधार तेवढाच. मग 1934 मध्ये वॉल्टर ओकशॉट नावाचे शिक्षक विंचेस्टर कॉलेजमध्ये पुस्तकांच्या जुन्या बांधण्या बघत होते, तर तिजोरीत हे हस्तलिखित! पानांचे फोटो झूम करून बघा, मजकूर काळा आणि माणसांची नावं लाल शाईत, त्यामुळे पान न वाचताही कळतं की इथे गर्दी आहे, मारामारी चालू असणार. पुढे संशोधकांना त्याच पानांवर छपाईच्या शाईचे पुसट डाग दिसले, कॅक्स्टनच्याच टाइपचे. म्हणजे ही वही त्याच्या छापखान्यात पडलेली होती, ओल्या कागदांशेजारी!

आणि तरी छापील प्रत हिच्याशी जुळत नाही. आर्थर रोमवर चाल करून जातो तो भाग कॅक्स्टनच्या पुस्तकात जवळपास निम्म्यावर आलाय. ती कात्री कॅक्स्टनने चालवली की मॅलरीनेच नंतर स्वतः, यावर अभ्यासकांची अजून जुंपलेली असते. मला विचाराल तर कॅक्स्टननेच. दोन्ही पाठ शेजारी उघडून बघा, त्या लढाया खरंच फार लांबल्यात हो.