पहिलं लिनक्स कुठलं टाकायचं?

कुणी विचारलं की लिनक्स टाकायचंय, कुठलं टाकू, तर मी आधी उलट विचारते की रॅम किती आहे, वायफायचं कार्ड कुठल्या कंपनीचं आहे आणि रोज कुठली सॉफ्टवेअर लागतात. नाव नंतर. कारण नवीन माणूस डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांची, यादी बघूनच दमतो, शेकड्यांनी आहेत, आणि आठवडाभर तुलना वाचून शेवटी काहीच टाकत नाही.

तरी नावच हवं असेल तर माझं उत्तर मिंट, सिनॅमन डेस्कटॉपवालं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोजवरून आलेल्याला पहिल्या दिवशी काही शोधत बसावं लागत नाही. २ जीबी रॅमवर चालतं असं मिंटवाले सांगतात पण ४ असेल तरच मजा, आणि मशीन जुनं असेल तर त्याचंच एक्सएफसीई डेस्कटॉपवालं घ्या, ते हलकं आहे. आतून ते उबंटूच्या एलटीएसवर बांधलेलं आहे, म्हणजे दर २ वर्षांनी येणारी आणि ५ वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती, त्यामुळे नेटवर उबंटूसाठी लिहिलेले उपाय बहुतेक वेळा इथेही चालतात, नवख्याला हा फार मोठा आधार आहे. फेडोरा ही दुसरी डिस्ट्रो मलाही आवडते पण त्याची एक आवृत्ती साधारण १३ महिनेच टिकते, मग अपग्रेड करा. आर्च वगैरे अवघड डिस्ट्रो सध्या राहू दे.

पण खरा निकाल पेनड्राइव्ह लावतो. आयएसओ, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एकच फाइल, डाउनलोड करा, रूफस नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा, म्हणजे लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू करा, डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टिम समोर उघडते. आता वायफाय लागतंय का बघा, गाणं लावा, ब्राइटनेसची बटणं दाबा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॅपटॉप मिटून दोन मिनिटं ठेवा आणि परत उघडा, नीट जागा होतो का. हे शेवटचं कुणीच बघत नाही आणि नंतर रोज त्याचाच त्रास होतो.

माझ्या चुलतभावाच्या लॅपटॉपवर असंच केलं तर वायफायच्या यादीत एकही नेटवर्क नाही, तो म्हणाला जाऊ दे, नको. कार्ड ब्रॉडकॉमचं निघालं. बॅकअप होताच, म्हणून इन्स्टॉल केलं, फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट दिलं, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडला, तिथे ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दिसत होता, तो निवडला, रीस्टार्ट केलं आणि सगळी नेटवर्कं आली. कमांड टाइप करायचं टर्मिनल उघडावंच लागलं नाही.

इन्स्टॉल करताना मात्र घाई नको. अख्खी डिस्क पुसायचा पर्याय दिसला की थांबा, डेटा दुसरीकडे ठेवलाय ना ते परत बघा, आणि विंडोज ठेवणार असाल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. फोटोशॉपवर पोट असेल तर विंडोज काढूच नका, ते लिनक्सवर थेट चालत नाही. ऑफिसच्या साध्या फायलींना लिबरऑफिस पुरतं.

सगळं लागलं की त्याच दिवशी मिंटमधलं टाइमशिफ्ट उघडून पहिला स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या क्षणाची प्रत, घ्या, उद्या एखाद्या अपडेटने बिघडलं तर तिथे परत जाता येतं. फक्त तो सिस्टिमचा असतो, तुमचे फोटो आणि फायली त्यात मुळात येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.