कोपरा गेलेला चालेल

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा

उद्या कार्ड शो, म्हणजे बेसबॉल खेळाडूंच्या छापील कार्डांचा बाजार. गावातल्याच हॉटेलचा हॉल, ९ ला दार उघडणार, तिकीट ३ डॉलर. जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी यादी करायला बसले, ती आत्ता उठतेय. किराण्याच्या यादीला मला चार मिनिटं पुरतात.

यादी न करता गेलं की काय होतं ते २०२३ साली रोझमाँटला कळलं. बेसबॉल कार्डवाल्यांची सगळ्यात मोठी जत्रा, 'नॅशनल', त्या वर्षी शिकागोजवळ होती. म्हणजे आमच्या अंगणातच. दिवसभर हिंडले, पाय सुजवून घेतले आणि घरी आणलं काय, तर टॉप्स कंपनीच्या १९८७ च्या कार्डांचा अख्खा खोका. लाकडी चौकटीसारखी किनार असलेली ती कार्डं दिसतात झकास. पण त्या सुमाराला कंपन्यांनी इतकी छापून ठेवलीत की आजही कुणाच्या ना कुणाच्या तळघरातून न फोडलेली पाकिटं निघत असतात. नवऱ्याने खोका बघून एवढंच विचारलं, "इथे रद्दीवाला मिळतो का गं?"

तेव्हापासून शिस्त. एकच संच, १९७५ चा टॉप्स. ६६० कार्डं. माझं जन्मसाल, म्हणून. शिवाय रंग! प्रत्येक कार्डाला दोन रंगांचे काठ, जांभळा-गुलाबी काय, नारिंगी-तपकिरी काय, लवंगी माळेच्या वेष्टनावर शोभतील असे. ६३८ जमलीत, २२ राहिलीत. त्यातली बरीचशी फुटकळ, कुणी आठवत नाही अशा खेळाडूंची. ती क्रमांक लावलेल्या पेट्यांतून चार आण्याच्या भावात निघतील. रात्र खाल्ली ती दोन-तीन कार्डांनीच.

क्रमांक १ आणि क्रमांक ६६०. दोन्हींवर हँक आरन. ८ एप्रिल १९७४ ला त्याने कारकिर्दीतला ७१५ वा होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकारच, मारून बेब रूथला मागे टाकलं, म्हणून पुढच्या वर्षीच्या संचाची सुरुवात त्या विक्रमाने केली. शेवटचं कार्ड त्याचं नेहमीचं, मिलवॉकी ब्रूअर्सचा खेळाडू म्हणून. आता गंमत अशी, की त्या काळची पोरं काय करायची, कार्डं क्रमाने लावायची आणि गठ्ठ्याला रबर बँड घालून बुटांच्या खोक्यात टाकायची. रबर रुततं ते सगळ्यात वरच्या नि सगळ्यात खालच्या कार्डाला. बाकीची ६५८ मधे सुखात. म्हणजे रूथला मागे टाकणाऱ्याच्याच नशिबी दोन्हीकडून रबर. म्हणून कडा धड असलेला १ नंबर महाग, आणि मला परवडणाऱ्या प्रत्येक १ नंबराच्या कडेला ती खाच असतेच.

तर आज बसून ठरवलं ते हे, की खाच चालेल. माझ्या यादीत कार्डं कमी आणि दोषच जास्त आहेत. कुठलं कार्ड हवं ते वहीत लिहिलेलंच असतं. टेबलासमोर उभं राहिल्यावर गोंधळ होतो तो कुठला दोष पोटात घालायचा याचा. कोपरा गेलेला चालेल. छपाई एका बाजूला सरकलेली चालेल, पण एका कडेचा काठ पार नाहीसा झालेला नको. चेहऱ्यावरून गेलेली घडी अजिबात नको. चेकलिस्ट म्हणजे संचातल्या कार्डांची यादी छापलेलं कार्ड; तिच्या चौकोनांत कुणी पोराने बॉलपेनने खुणा केलेल्या असतील तर पळतील, उलट बऱ्या. कोऱ्या चेकलिस्टला लोक जास्त पैसे का मोजतात हे मला समजतं, पण पटत नाही. ज्या कामासाठी ते कार्ड छापलं ते काम त्याने केलं, तर ते खराब कसं?

आणि मागच्या बाजूला बबलगमचा डाग, तो तर मी मागूनही घेईन. पाकिटात कार्डांबरोबर गमची चपटी पट्टी असायची, ती चिकटून तपकिरी डाग पडायचा. नाशकात आमच्याकडे हेच चालायचं, फक्त क्रिकेटचं. बबलगममधून क्रिकेटपटूंची कार्डं यायची; कार्ड दादाचं आणि गम मी चघळायचा, असा करार होता. कपिल देवसाठी मी एका दुपारी किती गम चघळले ते जबड्यालाच ठाऊक. दादाची कार्डं घर बदलताना गेली. हे मी इथे कुणाला सांगत नाही, डागवालं कार्ड गुपचूप घेते.

एकच दोष माफ नाही, तो म्हणजे कातरलेलं कार्ड. दोन वर्षांपूर्वी एका शोमध्ये रॉबिन याउंट घेतला, क्रमांक २२३, त्याचं रूकी, म्हणजे सगळ्यात पहिलं कार्ड. कडा अशा धारदार, की काल छापलंय. घरी येऊन प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं तर ते आत हलायला लागलं. संचातलं दुसरं कार्ड त्याच्यावर ठेवलं: खालून मिलिमीटरभर कमी. कुणीतरी झिजलेली कड कापून नवी केली होती. विकणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. तेव्हापासून पर्समध्ये १९७५ चं एक फुटकळ कार्ड असतं. टेप लावून कार्ड मोजायला लागलं की विक्रेत्याला राग येतो. कार्डावर कार्ड ठेवलं तर कुणाला काही वाटत नाही.

जॉर्ज ब्रेट, क्रमांक २२८, हेही रूकी. याच्या नकला भरपूर, म्हणून भिंग घेतलंय. फोटोत ठिपके दिसायचेच, पण नावाची अक्षरं भरीव हवीत. अक्षरांतही ठिपके दिसले तर ते जुन्या कार्डाचा फोटो काढून छापलेलं, खाली ठेवायचं आणि पुढे व्हायचं. त्याच्यापुढे कमाल किंमत लिहिली आहे: ७०. देवनागरीत. कार्डाचे क्रमांक इंग्रजी आकड्यांत आणि पैशांचे मराठीत, ही माझी युक्ती आहे. यादी टेबलावर उघडी पडली तरी समोरच्याला माझी मर्यादा कळत नाही. एकदा एका आजोबांनी चष्मा वर करून विचारलंही होतं, ही काय सांकेतिक भाषा का? मी म्हटलं, हो.

सकाळी आधी जुन्या कार्डांची टेबलं. ती हल्ली कोपऱ्यात असतात. मधली जागा प्लास्टिकच्या डब्यांत सीलबंद, ग्रेड लावलेल्या चकचकीत कार्डांनी आणि पोकेमॉनने घेतली आहे. ब्रेट नि आरन पहिल्या तासात. फुटकळ मात्र दुपारी २ नंतर, कारण तेव्हा जड पेट्या परत गाडीत चढवायच्या कल्पनेनेच विक्रेते नरम पडतात. एकेकाचा भाव विचारायचा नाही, पंधरा-वीस बाजूला काढायची आणि "सगळी मिळून किती?" भाजीबाजारात आईने शिकवलेलं इथे शब्दशः लागू पडतं. फक्त निघून जायचं नाटक इथे चालत नाही, लोक खरंच जाऊ देतात.

यादीच्या तळाला एक ओळ दरवेळी असते: सोसा घेऊ नये. मी या देशात आले ते १९९८ च्या उन्हाळ्यात. नवरा ऑफिसात, गाडी चालवता येत नाही, घरात टीव्ही आणि टीव्हीवर सॅमी सोसा. जूनच्या एका महिन्यात त्याचे २० होमरन, वर्षअखेर ६६. नियम कळायच्या आधी मला होमरन मारल्यावरची त्याची ती उडी कळली. पुढे उत्तेजकांच्या संशयात त्याचं नाव आलं, कार्डांचे भाव बसले. आता तो स्वस्त पेट्यांत पडलेला असतो, आणि तसा पडलेला मला बघवत नाही. १९९० चा, लीफ नावाच्या ब्रँडचा सोसा माझ्याकडे सहा वेळा आहे.

लेकीने मगाशी फोनवर विचारलं, "आई, हे सगळं पुढे माझ्या गळ्यात मारणार आहेस का?" म्हटलं, तुझा कोपरा शाबूत राहील असं बघते.

रोख २०० डॉलर, त्यात १ आणि ५ च्या नोटा जास्त. भिंग, यादी, रिकामी पाकिटं. अदलाबदलीसाठी जादा कार्डांचा गठ्ठा खणात ठेवला होता तो काढायला गेले, तर तो नीट बांधलेला. सकाळी नवऱ्याने खण आवरला, त्याची कृपा. मेथीच्या जुडीचं रबर, दोन वेढे.

रबर सोडवलं. वरच्या कार्डाच्या दोन्ही कडांना बारीक खाच पडली आहे. त्याला काही बोलले नाही. उद्या गाडी तोच चालवणार आहे.