पूर्वपक्ष घरातूनच आला

गेली एकोणीस वर्षे मी रावेर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, आणि त्यातली निदान पंधरा वर्षे निबंधाचा एकच साचा विद्यार्थ्यांच्या गळी उतरवत आलो: प्रस्तावना, महत्त्व, कारणे, परिणाम, उपाय, उपसंहार. या साच्यात प्रदूषणापासून लोकसंख्येपर्यंत कोणताही विषय बसतो, आणि बसला की त्यातला जीव निघून जातो, हे मला कळत नव्हते असे नाही. पण तपासायला तो सोपा होता. मागच्या जानेवारीतल्या एका शनिवारी तो साचा माझ्याच टेबलावर मोडला.

बारावीतील एका विद्यार्थिनीने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ‘जागतिक भूजल संकट’ हा विषय घेतला होता. मर्यादा पंधराशे शब्दांची होती आणि निबंध त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. तिचा कच्चा मसुदा आठवडाभर माझ्याकडे होता आणि त्यावर मी लाल शाईने ‘छान, भाषा ओघवती’ असा शेराही मारला होता. त्या सकाळी तो पुन्हा वाचला तेव्हा त्या शेऱ्याची लाज वाटली. सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन’ या वाक्याने होती. मग पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापल्याचे, त्यातले जेमतेम अडीच टक्के पाणी गोडे असल्याचे, २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी हा मानवी हक्क मानल्याचे सांगून झाले होते. सगळे खरे होते आणि त्यातल्या एकाही वाक्याला कोणी ‘नाही’ म्हणाले नसते. शेवटी ‘शेतकऱ्यांनी पाण्याचा अपव्यय टाळून ठिबक सिंचनाचा अवलंब करावा’ असा उपदेश होता.

मी तिला विचारले, “हे वाचून कोण तुझ्याशी भांडेल?” ती म्हणाली, “कोणीच नाही, सर.” मी म्हणालो, “मग तू कोणाला पटवून देते आहेस?”

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर आम्ही मसुद्याची छायाप्रत ठेवली आणि कात्रीने तिचे परिच्छेद वेगळे केले. पंख्याने कपटे उडू लागले तेव्हा कपाटातले बेसाल्टचे नमुने आणून एकेकावर ठेवले. प्रत्येक कपट्याला एकच प्रश्न विचारायचा असे ठरले: हा परिच्छेद काढला तर तुझ्या म्हणण्याचे काय अडते? अकरापैकी सात कपट्यांच्या बाबतीत काहीच अडत नव्हते. उरलेल्यांत एक चांगला होता. भारत दरवर्षी सुमारे २५० घन किलोमीटर भूजल उपसतो, म्हणजे जगातल्या एकूण उपशाच्या साधारण एक चतुर्थांश, आणि तो चीन व अमेरिका या दोघांच्या एकत्रित उपशापेक्षा अधिक आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांनी टिपलेल्या गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून असे काढले होते की ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाले. जमिनीखालचे पाणी आकाशातून तोलता येते, ही गोष्ट तिला स्वतःलाही विलक्षण वाटली होती. पण मसुद्यात ती तिसऱ्या पानावर, वृक्षारोपणाच्या वर, दडून बसली होती.

दुपारी दोनच्या सुमारास तिचे वडील तिला न्यायला आले. केळीचे बागायतदार, सातपुड्याच्या पायथ्याकडे त्यांची जमीन. काम राहिले आहे म्हटल्यावर ते बाकावर बसले आणि समोरचा एक कपटा उचलून वाचू लागले. तो नेमका उपदेशाचा होता.

“सर, हिनं तं आम्हालेच चोर ठरवलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण हसूही नव्हते. “ठिबक कवाच केलं आम्ही. पाटानं पाणी देणं सोडून वीस वर्षं झाली. आता आणखी काय वाचवू?”

मुलगी गप्प झाली. मला मात्र हायसे वाटले, कारण सकाळपासून आम्ही जो माणूस शोधत होतो तो चालत दारात आला होता. आपल्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, तेही त्याला मान्य होईल अशा ताकदीने, आणि मग त्याचे खंडन करतात; ही रीत मी मराठीच्या तासाला ऐकलेली होती, पण भूगोलाच्या निबंधात कधी वापरून पाहिली नव्हती. मी तिला म्हणालो, “बाबांचे म्हणणे जसेच्या तसे लिही. एक शब्दही हलका करू नकोस. आणि मग त्यांना विचार.”

तिने वहीवर लिहून घेत विचारायला सुरुवात केली. ठिबकच्या आधी बाग किती होता? तीन एकर. आता? सात, मृगबाग आणि कांदेबाग, म्हणजे केळीच्या पावसाळी आणि हिवाळ्याच्या तोंडावरच्या लागवडी मिळून. विहीर किती खोल होती? साठ फूट. मग बोअर? पहिला एकशे ऐंशीचा, तो आटला, दुसरा चारशेचा, आताचा सहाशेच्या पुढे, आणि मोटार रात्रीच्या लाईनवर चालते. प्रत्येक आकडा ते न अडखळता सांगत होते. बोअरची खोली शेतकऱ्याला पोरांच्या वाढदिवसासारखी पाठ असते. सहाशेचा आकडा लिहून झाल्यावर तिची पेन्सिल थांबली. “म्हणजे बाबा, एका झाडाला पाणी कमी लागायला लागलं, पण झाडं दुपटीहून जास्त झाली.” ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “बाग वाढला हे खरं हाय. वाचलेलं पाणी कोन सोडून देईल? मी सोडलं तं शेजारचा वढीन.”

त्या दोन वाक्यांत निबंध होता. कोळशाच्या बाबतीत काटकसरीच्या यंत्रांमुळे वापर घटण्याऐवजी वाढतो, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच मांडले होते. अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात, जिथे आठ राज्यांखाली पसरलेल्या ओगलाला जलधरातून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूगर्भातील थरातून, पाणी उपसले जाते, काटकसरीच्या सिंचनसाधनांमुळे उपसा कमी न होता उलट वाढल्याचे २०१४ मधल्या एका अभ्यासात दिसले. आणि ‘शेजारचा वढीन’ या भीतीला आपल्याकडे कायद्याचाच पाया आहे: १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाकडे येतो, पण पाणी बांध ओळखत नाही. आमच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा बझाडा पट्टा पावसाचे पाणी भराभर मुरवून घेतो, तरी ते मुरते एकाच्या शेतात आणि निघते दुसऱ्याच्या बोअरमधून.

आता तिचा दावा असा झाला: ठिबक आवश्यक आहे, पण उपशावर सामूहिक मर्यादा नसेल तर ठिबकने वाचलेले पाणी जलधरात परत जात नाही, ते नव्या लागवडीत जाते. या वाक्याशी भांडता येते, म्हणून ते पुराव्याने उभे करावे लागते. क्रम आपोआप लागला. घरची गोष्ट आधी, मग उपग्रह, मग वडिलांचा पूर्वपक्ष, त्याला कॅन्सासचे उत्तर, आणि ‘मर्यादा घालणार कोण’ या पुढच्या प्रश्नाला धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरची फड पद्धत. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्याखालच्या शेतांचा एक सलग गट. निदान तीनशे वर्षे तिथले शेतकरी बंधाऱ्याचे पाणी फडाफडाने वाटून घेत आले. एका फडात एकच पीक, कोणते ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे, आणि पाणी सोडायला सगळ्यांचा नेमलेला पाटकरी. इथे मीच तिला अडवले: ते नदीचे, डोळ्यांना दिसणारे पाणी, बोअरचे दिसत नाही. तिने तोही आक्षेप लिहिला आणि उत्तर दिले की राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतेच. ते आकडे गावाच्या चावडीवर लागले तर न दिसणारे पाणीही दिसू लागेल. उत्तर पुरते पटण्याजोगे नव्हते, पण तिचे स्वतःचे होते, म्हणून मी त्याला हात लावला नाही.

पावणेपाचला टंकलेखन झाले तेव्हा एकशे चाळीस शब्द जास्त भरत होते. वडील तोवर शेजारी येऊन पडद्यावर वाचत होते. पहिला परिच्छेद काढला तर हिशेब बरोबर जुळतो, असे तिनेच सुचवले, आणि ‘पाणी म्हणजे जीवन’पासूनचा मजकूर एका झटक्यात नाहीसा झाला. निबंध आता ‘माझ्या वडिलांची पहिली विहीर साठ फूट खोल होती’ या वाक्याने सुरू होत होता.

“तेवढं एक वाक्य ठिवायचं होतं,” ते मला हळूच म्हणाले. “तेच मला समजलं होतं पहिल्यांदा.”